झिजलेली बाजू

व्हर्लिन शूमेकर गेला, त्याच्या तिसऱ्या आठवड्यात
लव्हॉननं कुंपणापलीकडून हाक मारली.
म्हणाली, ती पंप तुम्हीच न्या,
आमच्याकडे चालवणारं कुणी उरलं नाही.

जुन्या गोधडीत गुंडाळलेली. सोळा बोअर, एकेचाळीस सालची.
निळा मुलामा उडून नळी ओढ्यातल्या गोट्यासारखी करडी.
रिकामं काडतूस हिचं बाजूला उडत नाही,
पोटाखालून निसटतं, थेट पायापाशी.
वेचायला बरं, व्हर्लिन म्हणायचा.

तो म्हणायचा पुष्कळ.
को-ऑपच्या वजनकाट्यावर ट्रक उभा करून,
चर्चच्या तळघरातल्या जेवणावळींत,
हिमवादळाच्या दुसऱ्या दिवशीचे ते चार कावळे, पाच फैरींत,
दरवर्षी थोडे उंच उडणारे;
हेजच्या रांगेतून सुटलेला ससा, वळणावरच उलटलेला.
आणि आयडेला, भांडं कमरेशी टेकवून,
रस्सा वाढत पुढच्या ताटाकडे सरकायची.

काल रात्री जवसाचं तेल लावायला
दिव्याखाली धरली.
दस्त्याची डावी बाजू, उजव्या हाताचा माणूस जिथं गाल टेकतो,
कोरी. वार्निश अजून मधासारखं.
उजवी बाजू मात्र पांढुरकी, मऊ,
सोप्याच्या हातासारखी झिजलेली.
पुढच्या लाकडाच्या खाचाही बुजल्यात
एका लहान पंजाएवढ्याच जागेत.
माझी बोटं तिथं ठेवून पाहिली.
मावली नाहीत.

व्हर्लिन उजवा. चाळीस वर्षं मी त्याला
पावत्यांवर सही करताना पाहिलंय.
मग मला पळी आठवली.
पळी डाव्या हातात असायची.

आज पहाटे ओढ्याकडे गेलो. उणे अकरा.
ज्वारीची धसकटं बुटाखाली काचेसारखी मोडत होती.
खांबावर प्लास्टिकचं घुबड बांधलं, बांधात बसलो,
शीळ ओठांना चिकटू नये म्हणून आधी काखेत धरली.
एक टेहळ्या आला, उंचावरून बघून गेला.
मग पस्तीस-चाळीस, घुबडाच्या नावानं शंख करत,
आभाळ खरवडत.

उजव्या खांद्यावरून तीन. तिन्ही हवेत.
कावळा बसायला अन् फांदी तुटायला म्हणतात,
इथं ना कावळा ना फांदी.
उरलेली दोन डाव्या खांद्यावरून मारली,
परक्याचा कोट चढवावा तशी, अवघडून.
एक पडला.
बाकीचे त्याच्यावर घिरट्या घालत राहिले,
इतका वेळ, इतक्या शिव्या देत,
की मी शीळ खिशात टाकली
आणि पाची काडतुसं न बघता पायापाशी चाचपून घेतली.

परतताना एक ससा मिळाला, त्यात माझं कसब काही नव्हतं.
सोलून लव्हॉनच्या दारात नेला.
म्हटलं, ती बंदूक.
तिनं दार पुरतं उघडलं, बाहेरची थंडी आत घेत.

हो, म्हणाली. नेम आईचा, तोंड बाबांचं.
आईला गोष्टी सांगायचा कंटाळा.
बाबांना मुळी कावळ्यांची भीती वाटायची,
ते ट्रकमध्ये बसून कॉफी पीत,
आणि काच खाली करून मोजत.

आयडेलाला जाऊन नऊ वर्षं झाली.
नऊ वर्षांत व्हर्लिनच्या गोष्टीतले कावळे
चाराचे सहा झाले होते, मला आता आठवतं,
आणि ऐन थापेच्या मध्यात
तो मान वळवायचा,
भांडं घेऊन कुणी येतंय का, बघायला.

सशाचं काय करू, लव्हॉननं विचारलं,
मला तर रस्सा नीट जमत नाही.
मलाही नाही, म्हटलं.
तरी तिनं पातेलं काढलं.